बसऱ्याला गेलेल्या पणजोबांच्या मागावर बगदाद

प्रश्न सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा आहे. त्यांचे पणजोबा ११७व्या मराठा पलटणीत शिपाई होते. पहिल्या महायुद्धात ते ‘बसऱ्याला’ गेले आणि परत आले नाहीत. शेवटची खबर इराकमधल्या कूत या गावाहून आली होती, एवढंच घरात माहीत आहे. ताईंचं वय ६१, सोबत ३४ वर्षांचा भाचा. बगदाद आणि कूत दोन्ही पाहायचंय. जावं का, आणि जायचं तर कसं, असं त्या विचारतात.

ताई, मी अठरा वर्षं इराकला गट घेऊन जातोय. माझे प्रवासी बहुतेक झियारतवाले, म्हणजे शिया तीर्थस्थानांच्या यात्रेला निघालेले, डोंगरी-भेंडी बाजारातली खोजा आणि बोहरी कुटुंबं. त्यांचं खरं काम नजफ-करबलाला असतं, बगदादला दोन रात्री. पलटणीचा माग काढत येणारी माणसं मला आजवर चारच भेटली. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, आणि थोडं भरकटणारही आहे.

आधी ‘जावं का’ याचं. ‘एकदम सेफ’ असं छातीठोक सांगणाऱ्या एजंटकडून तिकीट काढू नका. ‘मरायला जाताय का’ म्हणणाऱ्या नातेवाइकांचंही फार मनावर घेऊ नका. बगदादच्या ज्या करादा भागात जुलै २०१६ मध्ये ईदच्या खरेदीच्या गर्दीत एका स्फोटाने तीनशेहून जास्त माणसं गेली, तिथे आज रात्री अकरा वाजता बायका-मुलं आइस्क्रीम खात फिरताना दिसतात. जानेवारी २०२१ मध्ये तायरान चौकातल्या जुन्या कपड्यांच्या बाजारात दोन आत्मघाती हल्लेखोरांनी ३२ जणांचा जीव घेतला. तसे हल्ले पुढे विरळ झाले. पण शहरातला धोका कमी झाला तसा डोक्यावरचा वाढला. इराक इराणच्या शेजारी आहे, आणि इराण-इस्रायलची क्षेपणास्त्रं त्याच्याच आकाशातून जातात. एप्रिल २०२४, ऑक्टोबर २०२४, जून २०२५ अशी तीनदा इराकने आपली हवाई हद्द बंद केली. पहिल्या दोन वेळा काही तासांचाच खोळंबा होता. तिसऱ्या वेळी मी स्वतः अकरा माणसं घेऊन नजफला होतो.

त्या वेळी गोळी नाही, बॉम्ब नाही. हॉटेलात एसी चालू, जेवण गरम. पण विमान नाही. एक दिवस, दोन दिवस, असं करत दहा दिवस गेले. एका मावशींचं इन्सुलिन सहाव्या दिवशी संपलं. दोघांचे पैसे संपले. ज्या कंपनीमार्फत तिकिटं काढली होती ती ‘एअरलाइनला विचारा’ म्हणायची आणि एअरलाइनचा फोन लागायचा नाही. गटातला एक तरुण रोज सकाळी विचारायचा, ‘काका, गाडीने निघून जाऊ ना कुठेतरी?’ त्याला मी नकाशा दाखवला. पश्चिमेला जॉर्डनची सरहद्द, बगदादपासून साडेपाचशे किलोमीटर, सगळं वाळवंट. उत्तरेला कुर्दिस्तान ओलांडून तुर्कस्तान. दक्षिणेला बसरा आणि पुढे सफवानवरून कुवेत. रस्ते होते, पण अकरापैकी एकाच्याही पासपोर्टवर त्यातल्या एकाही देशाचा व्हिसा नव्हता. सरहद्द उघडी असून काय उपयोग?

तेव्हापासून मी पहिल्यांदा परतीचे रस्ते मोजतो आणि मग हॉटेल बघतो. तुम्हीही तेच करा. निघण्याआधी शेजारच्या एका तरी देशाचा चालू व्हिसा दोघांकडे असू द्या. कुठला सोपा पडेल ते तुमच्या पासपोर्टवर आधी कुठले शिक्के आहेत त्यावर ठरतं. अमेरिकेचा किंवा शेंगेनचा व्हिसा असेल तर तुर्कस्तानचं काम बरंच हलकं होतं. भाच्याकडे तो असेल आणि तुमच्याकडे नसेल तर उपयोग नाही, कारण तो तुम्हाला सोडून जाणार नाही. येणं-जाणं दुबई, शारजा किंवा दोहा करून होईल. शक्य असेल तर एकाच विमान कंपनीचं, तारीख बदलता येणारं तिकीट काढा. महाग पडतं. तरी काढा.

औषधं नेमक्या दिवसांची नेऊ नका. दहा दिवसांची सहल असेल तर पंचवीस दिवसांची न्या, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली गोळी असेल तर डॉक्टरांना पर्याय विचारा. आपल्याकडे सर्रास मिळणारी ही औषधं त्या भागातल्या विमानतळांवर अमली पदार्थांच्या यादीत धरली जातात, आणि तुमचा प्रवास दुबईवरून असेल तर तिथेच घोळ होईल.

पैशाचं गणित वेगळं आहे. इराकमध्ये अजूनही रोखीचं राज्य. कार्ड मोठ्या हॉटेलात चालतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. परदेशी जाताना आपल्याला सहसा एका खेपेला ३,००० डॉलरपर्यंतच रोख नोटा मिळतात. इराक आणि लिबियासाठी रिझर्व्ह बँकेने ही मर्यादा ५,००० ठेवली आहे. बँकेतल्या पोराला हे बहुतेक वेळा ठाऊक नसतं, त्याला परिपत्रक काढून बघायला सांगा. नोटा शंभरच्या, नव्या छपाईच्या, घडीची रेघसुद्धा नसलेल्या हव्यात. पेनाचा ठिपका असलेली नोट बगदादचा पैसे बदलून देणारा सराफ बोटाने बाजूला सारतो, हुज्जत घालून फायदा नाही. विमानतळावर थोडेच बदला आणि बाकीचे शहरात. सरकारी दर आणि बाजाराचा दर यांत फरक असतो. पन्नास हजार दिनारची नोट हातात आली की माणूस उगाच श्रीमंत झाल्यासारखा वागतो, तेवढं सांभाळा.

विम्याबद्दल फार लिहीत नाही. पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर ‘युद्ध, नागरी अशांतता’ या नावाखाली काय वगळलंय ते वाचा. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने प्रवास टाळा असं सांगितलेल्या ठिकाणी बऱ्याच पॉलिसी हात वर करतात. म्हणून मंत्रालयाची सूचना तिकिटाआधी बघा आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा बघा. बगदादला आपली वकिलात आहे. पोचण्याआधीच दोघांची नावं, हॉटेल आणि फोन तिथे मेलने कळवा. पाच मिनिटांचं काम असतं, आणि दहातली नऊ माणसं ते करत नाहीत.

व्हिसाचे नियम मी वर्षात दोनदा बदललेले पाहिलेत. २०२५ मध्ये विमानतळावर मिळणारा व्हिसा जाऊन ऑनलाइन ई-व्हिसाची पद्धत आली. भारतीय पासपोर्टला त्या महिन्यात काय लागतं ते दिल्लीतल्या इराकी वकिलातीकडूनच विचारून घ्या. यूट्यूबवरच्या गोऱ्या मुलाचा अनुभव तुमच्या कामाचा नाही, त्याचा पासपोर्ट वेगळा. एक घोटाळा मात्र वारंवार होतो. एरबिलचं तिकीट स्वस्त दिसतं, कुर्दिस्तानचा व्हिसा पटकन मिळतो, आणि मग लोक तिथून बगदादची गाडी पकडतात. कुर्दिस्तानचा व्हिसा बगदादला चालत नाही. नाक्यावरून परत फिरवतात, आणि ते योग्यच करतात. भाच्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (कामासाठी परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी हवी) असा शिक्का असेल तर मुंबईच्या इमिग्रेशनवर जरा जास्त प्रश्न होतील. अशी तपासणी लागणाऱ्या देशांच्या यादीत इराक आहे, कारण तिथे फसवून कामाला नेलेली आपली माणसं कमी नाहीत. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि नोकरीचं पत्र हाताशी ठेवायचं, घाबरायचं नाही.

आता एक गोष्ट जी कुणी विचारत नाही. स्फोटांची धास्ती घेऊन लोक इराकला येतात आणि हॉटेलच्या जिन्याकडे बघत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये निनवे प्रांतातल्या हमदानियात लग्नाच्या हॉलला आग लागून शंभराहून जास्त माणसं गेली. जुलै २०२५ मध्ये कूतमध्येच, होय, तुमच्या कूतमध्ये, नुकत्याच उघडलेल्या पाच मजली मॉलमध्ये साठाहून अधिक जळून आणि घुसमटून मेली. पत्रे, फोम, प्लास्टिक आणि बाहेर पडायला वाट नाही. म्हणून खोली दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावर मागा, सामान टाकल्यावर आधी जिना शोधा, तो तळाशी कुलूपबंद नाही ना हे उतरून बघा. भाच्याला पाठवा. आणि गाडीत मागे बसलात तरी पट्टा लावा. ड्रायव्हर हसेल, हसू दे. हायवेवर तो एकशे चाळीसने जातो.

ड्रायव्हरवरून आठवलं. तिथे तुमची सुरक्षितता म्हणजे मुळात एक माणूस असतो. आमच्याकडे त्याला अबू अली म्हणू. सत्तावन्न वर्षांचा, सद्दामच्या सैन्यात सक्तीने गेलेला, तीन वेळा घर बदललेला. सकाळी तो कॉफी पिता पिता दोन-तीन फोन करतो आणि सांगतो, आज या पुलावरून नको. कारण विचारलं तर खांदे उडवतो. मी कारण विचारणं सोडलंय. तहरीर चौकात माणसं जमायला लागली की तो गाडी वळवतो. ऑक्टोबर २०१९ च्या आंदोलनात इराकभर सहाशेच्या वर माणसं मारली गेली, ते त्याच चौकातून पेटलं होतं. जव्वाद सलीमचं भव्य स्वातंत्र्यशिल्प तिथे आहे, ते पाहायचंच. पण सकाळी, शांत असताना. असा माणूस शोधायचा तर अलीकडेच जाऊन आलेल्या दोन कुटुंबांशी फोनवर बोला. वेबसाइटवरचे तारे कामाचे नाहीत.

नाक्याला तिथे ‘सैतरा’ म्हणतात. शहरात आता कमी झालेत, प्रांताच्या सीमेवर हमखास असतात. काच खाली, आतला दिवा चालू, फोन मांडीवर पालथा. फोटो काढायचा नाही, सैनिकाचा नाही, पोलिसाचा नाही, मिरवणुकीतल्या झेंड्यांचाही नाही. ‘हिंदी’ म्हणालात की चेहरा बहुतेक सैल होतो, क्वचित कुणी अमिताभचं नाव घेतो. दोन शब्द शिकून ठेवा, इराकी माणूस त्यावर खूश होतो: ‘अकू’ म्हणजे आहे, ‘माकू’ म्हणजे नाही. ‘माकू मुश्किला’ म्हटलं की झालं. आणि खुशाली विचारताना ते ‘श्लोनक’ म्हणतात, शब्दशः ‘तुझा रंग कसा आहे’. तुम्हाला विचारताना ‘श्लोनिच’.

कपड्यांचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. करादात, मन्सूर नावाच्या वस्तीत डोकं न झाकलेल्या बायका दिसतात. तुम्ही पंजाबी ड्रेस आणि ओढणी घेतलीत की पुरे. काझिमियाच्या सोनेरी घुमटांच्या दर्ग्यात जायचं असेल तर मात्र अबाया, म्हणजे अंगभर काळा झगा, लागतो, दाराशी भाड्याने मिळतो, पण स्वतःचा असलेला बरा. जाणं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा. उन्हाळ्यात पारा पन्नासपर्यंत जातो, वसंतात धुळीची वादळं येऊन विमानतळ बंद पडतात. अरबईनचा, म्हणजे इमाम हुसेन यांच्या चाळिसाव्याच्या यात्रेचा, काळ टाळा. दोन कोटींच्या आसपास माणसं करबलाकडे चालत असतात. दृश्य जन्मात एकदा बघावं असं असतं, पण तेव्हा खोली, गाडी, ड्रायव्हर यांतलं काही मिळत नाही.

शहराबद्दल एक अपेक्षा आधीच काढून टाका. हारून अल रशीदचं बगदाद उरलेलं नाही. खलीफा मन्सूरने इ.स. ७६२ मध्ये वसवलेल्या गोल शहराची एक वीटही दाखवता येत नाही. कच्च्या विटांचं बांधकाम होतं, पूर, आगी आणि १२५८ चे मंगोल यांतून काय राहणार? जे राहिलंय ते शोधत पायी फिरावं लागतं. मुस्तनसिरिया मदरसा १२३४ मध्ये पुरा झाला आणि मंगोलांच्या हातून वाचला. त्याचं अंगण, विटांतली नक्षी, आणि भिंतीपलीकडे लगेच टायग्रिस नदी. तिथून पाच मिनिटांवर सफाफीर, तांबटांचा बाजार. पुण्याच्या तांबट आळीत ठोक्यांचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना ओळख पटेल. आणि तशीच खंतही, कारण दर खेपेला ठोके कमी ऐकू येतात आणि कापडाची दुकानं वाढलेली असतात.

शुक्रवारची सकाळ मुतनब्बी रस्त्यासाठी राखा. हजार मीटरही नसेल, पण दोन्ही बाजूंना जमिनीवर पुस्तकं. शिक्षिका आहात, तुम्हाला तिथून हलवणं भाच्याला जड जाईल. ५ मार्च २००७ रोजी या गल्लीत गाडीबॉम्ब फुटला. कोपऱ्यावरच्या शाबंदर चहाघराच्या मालकांनी त्या दिवशी चार मुलगे आणि एक नातू गमावला. चहाघर त्यांनी पुन्हा उघडलं. भिंतीवर त्या पाचांचे फोटो आहेत, खाली लोक इस्तिकानात, म्हणजे छोट्या काचेच्या पेल्यात, काळा चहा घेऊन वाद घालत बसलेले असतात. मी गटाला तिथे काही समजावून सांगत नाही. बसायचं, चहा घ्यायचा, निघायचं.

इराक संग्रहालयाला अर्धा दिवस द्या. एप्रिल २००३ मध्ये इथून सुमारे पंधरा हजार वस्तू लुटल्या गेल्या. पाच हजार वर्षांपूर्वीचा वारक्याचा दगडी कलश तेव्हा तळापासून तोडून नेला होता. तो त्याच जूनमध्ये कुणीतरी गाडीच्या डिकीतून आणून परत दिला. आज तो उभा आहे. सांधे दिसतात.

दुपारी फलाफिलवाल्यापाशी, म्हणजे हरभऱ्याचे वडे तळणाऱ्यापाशी, थांबा. होडीच्या आकाराचा सामून पाव कापून त्यात फलाफिल, काकडी-टोमॅटो, आणि वरून पिवळाधमक पातळ लोणचं. विचारा काय ते. तो म्हणेल, ‘अंबा’. कैरी, हळद, मेथी. शब्द आपल्याच आंब्यावरून गेलाय. मुंबईत धंदा करणाऱ्या बगदादी ज्यूंनी तो तिकडे नेला असं मानतात. पुण्याच्या ससून रुग्णालयाला ज्यांचं नाव आहे ते डेव्हिड ससून बगदादचेच, जन्म १७९२. तिथला तुर्की सुभेदार दाऊद पाशा याच्या जाचामुळे त्यांना शहर सोडावं लागलं. बुशहर बंदरातून ते १८३२ मध्ये मुंबईत आले आणि १८६४ मध्ये पुण्यात वारले. तिथल्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या सिनेगॉगच्या, आवारात त्यांची कबर आहे. त्यांचं बगदाद मात्र शोधायला जाऊ नका. एके काळी शहरात दर तीन-चार माणसांमागे एक ज्यू होता. १९४१ ची दंगल आणि १९५०-५१ चं सामूहिक स्थलांतर यानंतर बोटांवर मोजण्याइतके उरले. जुन्या सिनेगॉगचे पत्ते विचारत फिरणाऱ्या परक्याकडे लोक संशयाने बघतात, आणि ज्याला विचारलं त्याला नंतर त्रास होऊ शकतो. इस्रायलशी कसलाही संबंध हा २०२२ च्या कायद्याने तिथे गंभीर गुन्हा आहे. जेरुसलेमच्या यात्रेतली माळ, टोपी, फोनमधले फोटो, काहीही सोबत नको.

शाकाहारी असाल तर हरकत नाही, पण मसुराचं सूप आणि राजम्यासारखी फसूलिया मटणाच्या रश्श्यात शिजवलेली नाही ना, हे दर वेळी विचारावं लागतं. सकाळी ‘काही’ आणि ‘गैमर’ खा. पापुद्र्यांची रोटी, म्हशीच्या दुधाची जाड साय आणि वर पाक. साताऱ्याच्या माणसाला साय कळते.

आता कूत. तुमचे पणजोबा ब्रिटिशांच्या ज्या हिंदी फौजेत होते तिचं नावच ६वी पुणे डिव्हिजन, आणि इराक तेव्हा तुर्कांच्या ताब्यात होता. १९१५ च्या नोव्हेंबरात ही फौज बगदादच्या दारात पोचली होती. टेसिफोनची लढाई झाली ती जागा, आजचं सलमान पाक, बगदादपासून जेमतेम ३५ किलोमीटर. तिथे प्राचीन इराणच्या सासानी राजांच्या महालाची विटांची प्रचंड कमान अजून उभी आहे, ताक कसरा. तिच्या सावलीत साताऱ्या-रत्नागिरीची पोरं लढली, आणि फौजेतली हजारो माणसं मेली किंवा घायाळ झाली. तिथून माघार घेऊन ते कूतला आले, आणि ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी वेढा घातला. जवळजवळ पाच महिने. १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी आत होत्या. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले. कित्येक शिपायांनी धर्म म्हणून ते मांस बराच काळ नाकारलं आणि उपासाने झिजले. २९ एप्रिल १९१६ ला फौजेचा सेनापती जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली, सुमारे तेरा हजार माणसं कैदेत गेली.

बगदादहून कूत १६० किलोमीटर. पहाटे निघालात तर संध्याकाळी परत. सलमान पाक वाटेवरच आहे. कमानीपाशी डागडुजी चालू असली तर कुंपणाबाहेरूनच पाहावी लागते. कूत ज्यात येतं त्या वासित प्रांताच्या सैतऱ्यावर तुम्हाला बहुधा थांबवतील. धोका म्हणून नाही, तर परदेशी बाई इथे कशाला, हे त्यांना उमगत नाही म्हणून. एकदा आम्ही अडीच तास बसलो होतो, चार वेळा चहा आला. एका कागदावर अरबीत लिहून न्या की तुमचे पणजोबा इथे १९१६ मध्ये होते. हॉटेलवाला लिहून देईल. घराण्यातल्या मयताचा माग काढणारं माणूस तिथे प्रत्येकाला समजतं, त्यांच्याकडेही प्रत्येक घरात एक बेपत्ता आहे.

पोचल्यावर दिसेल ते असं: टायग्रिसच्या नालाकृती वळणात बसलेलं एक गजबजलेलं प्रांतिक गाव, बांध, मोबाइलची दुकानं. वेढ्याची खूण म्हणावी असं काही नाही. ब्रिटिशांचं युद्धस्मशान आहे, सखल जागी, अवस्था बेताची. त्यात पणजोबांचं थडगं शोधू नका. हिंदू शिपायाला जमेल तिथे अग्नी देत, आणि वेढ्यात ते तरी किती जमलं असेल कोण जाणे. मला विचाराल तर नदीकाठी उभ्या राहा. वळण तेच आहे.

बसऱ्याचं स्मारक बघायचा आग्रह तुमचे कुणी नातेवाईक करतील. मेसोपोटेमियात, म्हणजे तेव्हाच्या इराकमध्ये, मेलेल्या, ज्यांची कबर ठाऊक नाही अशा ४० हजारांहून अधिक सैनिकांचं ते स्मारक. पण दोन गोष्टी आधीच कळलेल्या बऱ्या. ते बसऱ्यात नाही. १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर लांब वाळवंटात नेलं. आणि दुसरं जास्त लागेल. त्या भिंतीवर गोऱ्या शिपायांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत, पण हिंदी शिपायांची नाहीत. पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा, ‘आणि इतके इतर भारतीय सैनिक’. एक गृहस्थ, कऱ्हाडकडचे, तिथे तासभर बोट फिरवत होते. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. आज मी कुणालाही आधी सांगतो. बगदाद शहरातच, वजिरियात, नॉर्थ गेटचं युद्धस्मशान आहे. कॉलऱ्याने मेलेला ब्रिटिश सेनापती जनरल मॉड तिथे आहे, आणि अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, कैदेत मेलेल्यांचे अवशेषही नंतर तिथे आणून पुरलेत. तुम्ही ते बघा. फाटक कुलूपबंद असतं, राखणदार जवळपासच असतो.

हे सगळं तिकिटानंतरचं. तिकिटाआधी एक काम करा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदी इंटरनेटवर फुकट पाहता येतात. भिंतीवर नसलेली शिपायांची नावं तिथल्या वह्यांत आहेत. ‘११७ मराठा’ टाकून शोधा, आडनावाने नका शोधू. कारकुनाने कानाला लागेल तसं लिहिलंय, आणि बहुतेकांचं नाव व बापाचं नाव एवढंच आहे. गावाचं नाव सापडलं तर नशीब. नाहीच जमलं तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राला पत्र लिहा आणि त्यात लिहा की ११७वी पुढे १९२२ मध्ये ५वी बटालियन झाली, म्हणजे कुठल्या कपाटात बघायचं ते त्यांना कळेल.

नोंद मिळाली की मृत्यूची तारीख बघा. ती २९ एप्रिल १९१६ च्या आधीची असेल तर कूतची गाडी ठरवा. नंतरची असेल तर ते वेढ्यातून जिवंत बाहेर पडले होते. मग कैद्यांच्या रांगेत बगदाद, मोसूल आणि पुढे रास अल ऐनपर्यंत चालत गेले असतील, तुर्कांच्या रेल्वेच्या कामावर. ते ठिकाण आज सीरियात आहे, आणि तिथे तुम्हाला नेऊ शकेल असं कुणी माझ्या ओळखीत नाही. तसं निघालं तर नॉर्थ गेटला जास्त वेळ ठेवा आणि कूतचा दिवस कमी करा. तारीख मिळाली की मला कळवा, दिवसांची आखणी मी करून देतो.